चौदा वर्षांचा मुलगा, वाढलेलं वजन आणि रिपोर्टातली खनिजं: नक्की कुठल्या आकड्याची काळजी करायची?

खडीसाखर (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

चिरंजीव 14 वर्षांचे. गेल्या दोन वर्षांत वजन झपाट्याने वाढलं, बीएमआय 95व्या पर्सेंटाइलच्या वर गेला. मानेवर मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा पट्टा आलाय. आधी मला वाटलं पठ्ठ्या मान घासत नाही. एकदा तर मीच घासणी घेऊन बसले होते, आता आठवलं की लाज वाटते. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि लॅबवाल्यांनी "त्यातच मिनरल प्रोफाइलही होऊन जाईल" म्हणत मोठं पॅकेज गळ्यात मारलं. रिपोर्टात निम्मे आकडे ठळक छापून आलेत.

हिमोग्लोबिन 12.4, सीरम आयर्न 38, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय ते) 11 टक्के, फेरिटिन 58 (हे मात्र नॉर्मल म्हणतात!), मॅग्नेशियम 1.6, झिंक 62, कॉपर 158, कॅल्शियम 9.3, पोटॅशियम 5.6, ड जीवनसत्त्व 13, सीआरपी (अंगातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन दाखवणारा आकडा) 6.2. उपाशीपोटी साखर 96, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.8, ट्रायग्लिसराइड 172, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 37, एएलटी (यकृताची तपासणी) 48. रक्तदाब ठीक. कंबर [आकडा काढला आहे]. तळाशी बारीक अक्षरात 'नमुना किंचित हिमोलाइज्ड' असं लिहिलंय.

डॉक्टरांची वेळ दहा दिवसांनी आहे. तोवर घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, खनिजं कमी आहेत म्हणूनच शरीर बिघडलंय, मल्टिमिनरलच्या गोळ्या आजच सुरू करू. मला वाटतं वजनामुळे खनिजं कमी झाली असतील. आधी कोंबडी की आधी अंडं?

शेवटचा_बाक

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या पुतणीचं अगदी हेच चाललंय.

काचनळी

मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही. पण त्या बारीक अक्षरांतल्या ओळीबद्दल आधी बोलते, कारण ती कुणी वाचतच नाही.

हिमोलाइज्ड म्हणजे रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटल्या. पोटॅशियम पेशींच्या आत ठासून भरलेलं असतं, ते बाहेर सांडतं आणि आकडा फुगतो. दंडावरचा पट्टा जास्त वेळ आवळून ठेवला, "मूठ उघडझाप कर बाळा" म्हणत राहिलं, तरीही पोटॅशियम वर जातं. त्यामुळे 5.6 बहुधा खोटं असेल. पण "बहुधा" वर विसंबू नका. यासाठी दहा दिवस थांबायचं नाही. उद्या-परवा पोटॅशियम परत करा, डॉक्टरांना फोनवर आकडा सांगून ठेवा.

आणि एक गंमत बघा. पेशींच्या आत मॅग्नेशियमही बाहेरच्यापेक्षा जास्त असतं. म्हणजे पेशी फुटल्या असतील तर 1.6 हा आकडाही असला तर फुगलेलाच. खरा कदाचित त्याहून कमी निघेल.

झिंकची तऱ्हा निराळी. साध्या नळ्यांच्या रबरी बुचातूनच झिंक झिरपतं, म्हणून त्याला खास नळी लागते. जेवणानंतर उतरतं, सकाळी जास्त असतं. माझं स्पष्ट मत: एका वेळच्या झिंकच्या आकड्यावर मी स्वतःच्या मुलाला गोळी देणार नाही.

खडीसाखर

काचनळी, उघडझाप केली होती! पहिल्यांदा शीर सापडेना, दुसऱ्या हातावर प्रयत्न झाला, तोवर हा पांढराफटक. उद्याच परत करते.

अर्धविराम

लोहाबद्दल. पेशाने बालरोगतज्ज्ञ, इथे मात्र गप्पांपुरता. तुमच्या डॉक्टरांची जागा हा प्रतिसाद घेत नाही.

वजन जास्त असलेल्या किशोरवयीन मुलांत रक्तातलं लोह कमी आढळतं हे 1962 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. तेव्हापासून बरीच वर्षं "यांचा आहार निकस, म्हणून" एवढ्यावरच गाडी थांबायची. उलगडा झाला तो हेप्सिडिन सापडल्यावर, म्हणजे 2000 नंतर. हेप्सिडिन यकृतात तयार होतं. आतड्याच्या पेशीतून रक्तात लोह सोडणारं जे दार आहे (फेरोपोर्टिन), ते दारच हेप्सिडिन मोडून टाकतं. अंगात जंतू शिरले की त्यांना लोह मिळू नये म्हणून शरीराने केलेली ही सोय. पण पोटावरची वाढलेली चरबी स्वस्थ बसत नाही, बारीक धगीसारखा दाह चालू ठेवते. यकृताला वाटतं जंतूच आलेत, आणि ते दारं बंद करत सुटतं. मुलगा लोह खातोय, पण ते आतड्याच्या पेशीतच अडकतं आणि पेशी झडली की तिच्याबरोबर शरीराबाहेर जातं. शिवाय वाढत्या वयात गरज वाढलेली.

आता फेरिटिन 58 कसं? फेरिटिन हा साठ्याचा निर्देशक, पण दाह असला की ते आपोआप वर चढतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एरवी निरोगी किशोरवयीनात फेरिटिन 15च्या खाली गेलं तर लोहाची कमतरता, पण दाह असेल तर ही रेघ 70वर धरायची. सीआरपी 5च्या वर आहे, म्हणजे दाह आहे. 58 हे 70च्या खाली. शिवाय सॅच्युरेशन 11 टक्के. थोडक्यात, 'नॉर्मल' छापलेला आकडाच इथे सगळ्यात फसवा.

हिमोग्लोबिन 12.4 बद्दल: 12 ते 14 वयात 12च्या खाली म्हणजे ॲनिमिया, म्हणून आज तो काठावर पास आहे. मुलग्यांसाठी 15व्या वर्षी ही रेघ 13 होते. रक्त तेच राहिलं तरी पुढच्या वाढदिवसाला तो ॲनिमिक ठरेल :)

दुसरा_पाऊस

दंडवत घ्या डॉक्टर. वाचनखूण साठवली.

आजोबा_ऑनलाइन

आमच्या वेळी पोरं हिंडायची, उन्हात असायची, झाडावर चढायची. कसलं मॅग्नेशियम अन् कसलं झिंक. मोबाइल काढून घ्या, सगळी खनिजं जागेवर येतील.

रेघोट्या

आजोबा, तुमच्या वेळी तपासण्या नव्हत्या म्हणून कमतरताही नव्हती का? हलकेच घ्या. (मोबाइल काढून घ्यायला मात्र +१, पण माझा सोडून.)

बाहुबळ

तात्त्विक चर्चा पुरे, अनुभव सांगतो. माझ्या मुलाला (16) जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने क्रोमियम आणि मॅग्नेशियम दोन्ही चालू केलं. तीन महिन्यांत सहा किलो उतरला. मॅग्नेशियमशिवाय इन्सुलिन काम करत नाही हे विज्ञान आहे. खडीसाखर, तुमचे यजमान बरोबर आहेत.

निद्रानाश

बाहुबळ, जिम लावली होती की नुसत्या गोळ्या?

बाहुबळ

जिम अर्थातच लावली. शीतपेयंही बंद केली.

निद्रानाश

मग श्रेय क्रोमियमला कशापायी?

पानगळ

जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून राहवत नाही. बाहुबळ यांचं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे.

इन्सुलिन पेशीच्या दारावरच्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसलं की तो आत निरोप धाडतो. त्यासाठी लागणारं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) पेशीत मॅग्नेशियमला धरूनच वावरतं. मॅग्नेशियम कमी पडलं की निरोप अर्धवट पोचतो. पण उलटा रस्ताही आहे. साखर फार वाढली की लघवीवाटे मॅग्नेशियम वाहून जातं, आणि इन्सुलिनला दाद न देणारं मूत्रपिंड ते नीट राखून ठेवत नाही. कोंबडी आणि अंडं दोघंही एकमेकांना जन्म देत गोल फिरतात. किशोरवयीन मुलांवरचे बहुतेक अभ्यास एकाच वेळी रक्त घेऊन केलेले असतात. कमी मॅग्नेशियम आणि जास्त इन्सुलिन एकत्र दिसतात एवढंच त्यांतून कळतं. सुरुवात कुणी केली हे एका फोटोवरून कसं सांगणार?

दुसरं, रक्तातला आकडा म्हणजे साठा नव्हे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर पेशींत, रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. खिशातल्या चिल्लरीवरून बँकेतली शिल्लक सांगण्यातला प्रकार. खिशात चिल्लर असूनही खातं रिकामं असू शकतं. मात्र खिसाच रिकामा असेल तर दखल घ्यावी. म्हणून 1.6 मी सोडून देणार नाही.

कॅल्शियमचं तर विचारूच नका. पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातला आकडा हलू देत नाही, कमी पडलं तर हाडातून काढून भरते. 9.3 बघून हाडांबद्दल काहीही कळत नाही. ड जीवनसत्त्व 13 असताना तर नाहीच.

क्रोमियमचा दबदबा 1959 पासूनचा आहे, तेव्हा त्याला साखरेशी जोडलं गेलं. 2014 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने, ईएफएसएने, ते माणसाला आवश्यक आहे याचाच पुरेसा पुरावा नाही असं म्हणून टाकलं.

बाहुबळ

मान्य, क्रोमियम मागे घेतो. मॅग्नेशियम नाही घेणार.

पानगळ

नका घेऊ. फक्त मात्रा जपा. अमेरिकी निकषांनुसार 14 ते 18 वयाच्या मुलग्यांना दिवसाला 410 मिलिग्रॅम आणि मुलींना 360 लागतं, ते सगळं धरून. गोळीतून मात्र 350च्या वर नको. वर गेलात तर शरीर स्वतःच सांगतं, स्नानगृहात.

रेघोट्या

खिक्. वजन कमी होण्याचं रहस्य उलगडलं.

शेवटचा_बाक

झिंक तरी निरुपद्रवी असेल ना? पुतणीला केस गळतात म्हणून देतोय. मोठ्यांचीच 50 मिलिग्रॅमची गोळी.

अर्धविराम

थांबवा आणि तिच्या डॉक्टरांशी बोला. 14 ते 18 वयात झिंकची वरची मर्यादा दिवसाला 34 मिलिग्रॅम आहे, गरज 9 ते 11. जास्त झिंक बराच काळ दिलं तर आतडं तांबं शोषायचं कमी करतं, मग तांब्याच्या अभावाने ॲनिमिया होतो. केसांसाठी सुरू केलं आणि रक्ताला भोवलं.

धागाकर्तीच्या मुलाचं कॉपर उलट जास्त आहे, त्याचंही कारण बरेचदा दाहच. तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझमिन दाहात वाढतं, झिंक मात्र दाहात रक्तातून यकृतात सरकतं. लोह खाली, झिंक खाली, तांबं वर, फेरिटिन फसवं. चार वेगळे आजार नाहीत हे. एकच बोट चार पट्ट्या दाबतंय.

दुसरा_पाऊस

शेवटचं वाक्य आवडलं. आम्ही केस कापून 'हेअर मिनरल टेस्ट'ला पाठवले होते, चोवीस खनिजांचा रंगीत तक्ता आला. त्याबद्दल काय मत?

काचनळी

शॅम्पू कुठला वापरता ते कळत असेल.

निद्रानाश

सगळे खनिजांत अडकलेत, मी ठळक नसलेल्या ओळीकडे बोट दाखवतो. एएलटी 48. लॅबने मोठ्यांची मर्यादा छापली असणार, म्हणून ती ओळ साधी आली. मुलांच्या यकृताचे डॉक्टर मुलग्यांसाठी 26 आणि मुलींसाठी 22 ही वरची मर्यादा धरतात. म्हणजे हा जवळजवळ दुप्पट आहे. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही फेरिटिनचा पाठलाग करत वर्ष घालवलं. यकृतात चरबी साठली होती आणि ती ओळ पहिल्या रिपोर्टापासून तिथेच होती, साध्या अक्षरात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणखी एक. 10 ते 16 वयासाठी मेटाबोलिक सिंड्रोमची (मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या लक्षणांच्या जुडग्याची) आयडीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची, 2007ची व्याख्या अशी: कंबर 90व्या पर्सेंटाइलला किंवा वर, आणि ट्रायग्लिसराइड 150+, एचडीएल 40च्या खाली, रक्तदाब 130/85+, उपाशीपोटी साखर 100+ यांपैकी दोन. तुमच्याकडे 172 आणि 37 आहेत. कंबर बसत असेल तर मेटाबोलिक सिंड्रोमच्या चौकटीत मुलगा आजच बसतो, साखर 96 असूनही. खनिजं यातल्या एकाही निकषात नाहीत.

खडीसाखर

कंबर बसते. एएलटीची ओळ खरंच साधी आहे, मर्यादा 50 छापलीय. मी तिच्यावरून दहा वेळा नजर फिरवली असेल.

अर्धविराम

निद्रानाश यांना पूर्ण अनुमोदन. मी लोहाच्या कौतुकात ती ओळ सोडली, माझी चूक.

एवढंच जोडतो: एचबीए1सी 5.8 म्हणजे मधुमेहपूर्व पट्टा (5.7 ते 6.4), पण लोह कमी असलं की हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. आणि वयात येताना इन्सुलिनला दाद कमी मिळणं सगळ्याच मुलांत होतं, बारीक मुलांतही, पुढे ते बरंच ओसरतं. म्हणून या वयात एका इन्सुलिनच्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत. तुमच्याकडे मात्र मानेचा काळसर पट्टा आहे, इन्सुलिनला दाद कमी मिळत असल्याची ती खूण, आणि तो नळीत फुटत नाही.

खडीसाखर

मग ड जीवनसत्त्वाचं काय? ते तरी गोळीने भरायचं ना?

पानगळ

ते हो, पण मात्रा डॉक्टर ठरवतील. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, मोठ्या देहात पसरतं आणि रक्तात कमी उरतं. लठ्ठपणात नेहमीच्या दोन-तीन पट मात्रा लागू शकते. शिवाय त्याला कामाला लावणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) मॅग्नेशियम लागतं. घ्या, पुन्हा मॅग्नेशियम.

बाहुबळ

मी काही बोललो नाही.

दुसरा_पाऊस

गोळ्यांऐवजी खाण्यातून? पालेभाज्या, डाळी, तेलबिया, अखंड धान्यं यांत मॅग्नेशियम, झिंक, लोह तिन्ही असतात. भिजवून, मोड आणून घेतलं की फायटेट (खनिजं धरून ठेवणारं द्रव्य) कमी होतं आणि अंगी जास्त लागतं. फक्त 14 वर्षांच्या मुलाला हे खायला लावणं म्हणजे लोखंडाचे चणे. त्यात लोहही आलंच म्हणा.

ओलीसुकी

पहिल्यांदाच लिहितेय. मी ती मुलगी होते. तेराव्या वर्षापासून जाडी. घरात प्रत्येक जेवणाला कुणीतरी माझा रिपोर्ट वाचून दाखवायचं. पाहुणे आले की आई माझं हिमोग्लोबिन सांगायची, का तर "थकते म्हणून खेळत नाही" हे सिद्ध करायला. मी खरोखर थकायचे. दोन जिने चढले की छाती भरून यायची आणि सगळ्यांना वाटायचं वजनामुळे. दाराआड बसून मी चिप्स खायचे हेही खरं आहे.

सतराव्या वर्षी एका डॉक्टरबाईंनी आईला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुला काय होतं?" लोहाच्या गोळ्या दिल्या, एक दिवसाआड. रोज घेतली की हेप्सिडिन चढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी वाया जाते, हे त्यांनी मला कागदावर दार काढून समजावलं. अर्धविराम यांचा प्रतिसाद वाचताना तोच कागद आठवला. वजन लगेच उतरलं नाही. पण तीन महिन्यांनी मी जिना न थांबता चढले, मग चालायला लागले, मग पोहायला.

म्हणून बाहुबळ अगदीच चुकीचे नाहीत. खनिज भरल्याने चरबी जात नाही, पण हलायला अंगात जीव येतो.

खडीसाखर, एक विचारू? हे आकडे इथे टाकलेत ते त्याला माहीत आहे का?

आजोबा_ऑनलाइन

ओलीसुकी, बाळा, छान लिहिलंस. माझा वरचा प्रतिसाद जरा उर्मट होता.

रेघोट्या

स्क्रीनशॉट काढून ठेवला. आजोबांनी माघार घेतली.

खडीसाखर

(पाच आठवड्यांनी) उशीर झाला, माफ करा.

पोटॅशियम दुसऱ्या दिवशी परत केलं, मूठ न उघडता, शांतपणे. 4.3. काचनळी, तुम्हाला साष्टांग.

डॉक्टरांनी एएलटीवर मी न विचारताच बोट ठेवलं. सोनोग्राफीत यकृतात चरबी दिसली. लोह एक दिवसाआड, ड जीवनसत्त्व त्यांनी ठरवलेल्या मात्रेत, मॅग्नेशियम तूर्त खाण्यातून आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. झिंक, कॉपर दोन्ही "दाह उतरू दे, मग बघू." नवऱ्याने आणलेली मल्टिमिनरलची बाटली परत गेली नाही, सील फोडलं होतं. ती आता तोच घेतो. घरातल्या शीतपेयांची जागा रिकामी आहे. झोपायची वेळ ठरवली, तो पाळतो, आम्ही दोघं पाळत नाही.

ओलीसुकी, त्याला माहीत नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचून त्याच रात्री सांगितलं. भडकला. दोन दिवस बोलला नाही. मग स्वतः सगळा धागा वाचून काढला, दारं मोडणारं हेप्सिडिन त्याला भारी आवडलं. मी म्हटलं, संपादकांना सांगून सगळंच उडवते. तर म्हणाला, "नाव नाहीये ना माझं? मग राहू दे. फक्त कंबर काढ."

म्हणून काढली.

काचनळी

पोटॅशियम 5.6 पण काढायचं का विचारा त्याला.

खडीसाखर

विचारलं. म्हणाला, "ते ठेव, ते माझं नव्हतंच."